उगवून पाहिलंस का

आचाओच्या धक्क्यापाशी, जाळी-दोरखंडांच्या दुकानामागं
माझी खोली. फोन दुरुस्त करतो, रेडिओ,
एकदा एका होडीचा मुका झालेला भोंगासुद्धा.

दोन्या रोसाल्बा मान्सियानं पिठाच्या पिशवीतून काढून
टेबलावर ठेवला तो लॅपटॉप
पाठकोऱ्या वहीएवढा, एका कडेला चिरलेला.
चालू केला की काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ,
मग अंधार, मग पुन्हा तीच ओळ.

बरोबर आलेली सीडी आहे का? मी सवयीनं विचारलं.
घालणार कुठून? म्हणाली,
आणि उलटासुलटा करून दाखवला.
खरंच. चारी बाजूंना कुठं फट नाही.

आत काय होतं, तर बटाटे.
एक्केचाळीस जाती, प्रत्येकीची हकिगत:
कुणी दिली, कुठल्या उतारावर लागली,
कुठल्या वर्षी करप्यानं नेली.

मी पेनड्राइव्हवर दुसरीच यंत्रणा चढवली
आणि तिच्या जोरावर त्याला उठवलं;
उठला, परक्या घरात जाग आलेल्या पाहुण्यासारखा,
दिवा कुठं, दार कुठं चाचपत.
फायली दिसल्या. जीव भांड्यात पडला.
सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लावलं.
तोवर दाल्काव्हेची फेरी दोनदा येऊन गेली,
चुलीत लाकूड सरकवत ती बसून राहिली.

झालं, मी म्हटलं. आता हा पुसायचा.
हार्डडिस्कच्या तळाशी कंपनीनं एक कप्पा दडवलेला असतो,
त्यात पहिल्या दिवसाची प्रत.
चालू होताना एफ-अकरा दाबायचं,
मधलं सगळं जातं, तो पुन्हा कोरा होतो.

बोट कळीवर होतं.

थांब, ती म्हणाली.
ते जे बाजूला काढलंस,
ते उगवून पाहिलंस का?

आकडे जुळलेत, मी म्हटलं. जेवढं होतं तेवढं आलंय.

तेवढं तर भरणारच.
मधोमध काळा पडलेला बटाटाही
तराजूत तेवढाच भरतो.

थोडा रागच आला. उघडून दाखवली.
फोटो ठीक. पत्रं ठीक.
नोंदवही सत्ताविसाव्या जातीपर्यंत ठीक,
आणि पुढं नुसते चौकोन,
ओळीमागून ओळ, रिकामे चौकोन.

वायर सैल होती. एवढंच. सैल वायर.

बदलली. पुन्हा उतरवलं. मग एकेक पान उघडत गेलो
आणि ती मोठ्यानं वाचत गेली:
क्लावेला. मुर्ता. काब्रीता.
काळी मिचुन्ये, ही आबेलिनो कार्कामोची, तो गेला, ही आहे.
ब्रूखा, म्हणजे चेटकीण,
ही माझ्याकडून दोन वर्षं नाहीशी झाली होती,
चोन्चीच्या नणंदेकडं ठेवलेली, तिथनं परत आणली.
हातचं राखावं, पण आपल्याच हातात राखू नये,
असं काहीसं म्हणाली. मी मोजत होतो. एक्केचाळीस.

मग एफ-अकरा.

तासाभरानं उठला आणि विचारू लागला,
भाषा कोणती, नाव काय.
तारीख मात्र स्वतःच सांगत होता: एक जानेवारी दोन हजार नऊ.
तेव्हा माझे गुडघे चांगले होते, ती म्हणाली,
आणि खुर्चीचा आधार घेत उठली.

तीन पेनड्राइव्ह करून घेतले.
एक तिच्या पिठाच्या डब्यात,
एक बोटीनं चोन्चीला,
एक माझ्या खणात, सुट्या स्क्रूंच्या डबीशेजारी.
पैसे दिले, वर जांभळ्या बटाट्यांची जुडी-पिशवी.
यातले दोन खायचे नाहीत, बजावलं.
माझ्याकडं जमीन नाही, मी म्हटलं.
बादली असेल की.

बादली आहे. खिडकीत ठेवलीय.

रात्री दुकान बंद केल्यावर
माझी स्वतःची डिस्क काढली कपाटातून.
तीन वर्षांपूर्वीची प्रत. वर टेप,
टेपवर माझ्याच अक्षरात: सगळं.
वायर जोडली,
आणि बराच वेळ उघडलीच नाही.